ध्रुवयानाचं दार

"सारंग जिवंत होता की मेला होता, गुरुजी? एवढंच सांगा आणि खाली सही करा."

वामनराव खांबेट्यांनी चाळीस पानांचं बाड गुरुजींच्या खाटेवर ठेवलं. त्यावर पेन ठेवलं, टोपण काढून.

गुरुजींनी बाड पाहिलं, पेन उचललं आणि टोपण पुन्हा लावून ठेवलं.

अच्युत गुरुजींनीच 'ध्रुवयान' ही अंतराळप्रवासाची मालिका लिहिली होती. चाळीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर ती लागली की गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. पुढे गुरुजींनी लिहिणं सोडलं आणि नदीकाठच्या मठामागे पत्र्याच्या एका खोलीत येऊन राहिले. आता गुडघे गेले होते. तरी माणसं प्रश्न घेऊन यायची. उत्तर क्वचितच मिळायचं, गूळ-शेंगदाणे मात्र हटकून मिळायचे.

वामनराव त्यांचे जुने शिष्य. तेराही भाग तोंडपाठ. दुसऱ्या कोणी एखादा संवाद चुकीचा म्हटला की यांच्या कपाळावर आठी उमटलीच. त्यात धातूंचे इंजिनियर. ज्ञानाला वजन होतं, आणि ते दुसऱ्याच्या पायावर टाकायची खोडही होती.

वाद होता शेवटच्या भागाचा. यान वाचवायला कप्तान दार लावून घेतो आणि त्याचा सोबती सारंग बाहेर राहतो. पडदा काळा होतो. मग दारावर टकटक ऐकू येते, तीन वेळा. तिथेच मालिका संपली. दार काही उघडलं नाही.

वामनरावांचं म्हणणं, तो आवाज धातू आकसल्याचा. सारंग आधीच मेला होता आणि कप्तानाचं काही चुकलं नव्हतं. दिगंबर सोनटक्केचं म्हणणं, बाहेर सारंगच होता.

दिगंबर हा चित्रकलेचा शिक्षक आणि वामनरावांचा बालमित्र. दोघांनी शेजाऱ्यांच्या खिडकीला लटकून ही मालिका पाहिली होती. मोठेपणी दोघांनी मिळून चाहत्यांचं मंडळ काढलं. आणि नऊ वर्षांपूर्वी भरल्या सभेत वामनरावांनी त्याला अडाणी म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

"यंदा चाळिसावं वर्ष," वामनराव म्हणाले. "तुमच्या सहीचा निकाल सभेत वाचून दाखवणार. दिगूचं तोंड एकदाचं बंद करायचंय मला."

गुरुजींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"बंद करायचंय..."

"कायमचं."

टक... टक... टक.

"दार बघ जरा," गुरुजी म्हणाले.

"पत्रा तापलाय, गुरुजी. अकराचं ऊन आहे."

वामनराव दाराला लागूनच बसले होते. वानरं घुसतात म्हणून आल्या आल्या कडीही त्यांनीच लावली होती.

"वाऱ्याने फळी हलली असेल नाहीतर. तुम्ही पान एकोणीस काढा. सगळी आकडेमोड तिथे आहे."

टक... टक... टक.

"वामन, दार उघड."

"उघडतो हो, एका मिनिटात. पण हेच! हाच माझा मुद्दा!" वामनरावांना स्फुरण चढलं. "नुसत्या पत्र्याचा आवाज, तरी तुम्हाला वाटलं कोणी आलंय. माणूस असता तर त्याने हाक नसती मारली? सारंगने हाक मारली का? जिवंत माणूस हाक मारतो, गुरुजी."

"आणि मारता आली नाही तर?"

"हे अगदी दिगूसारखं बोललात."

वामनराव एकटेच हसले.

टक.

या वेळी एकदाच. मग काही नाही...

गुरुजींनी खाटेची कड धरली आणि पाय खाली सोडले. उभे राहायला गेले नि मटकन फरशीवर बसले. मग हातांवर जोर देत दाराकडे सरकू लागले.

"गुरुजी! अहो, काय करताय?"

गुरुजी थांबले नाहीत. धोतर फरशीवर फरफटत होतं.

वामनराव धडपडत उठले. कडी काढली.

बाहेर एक माणूस पायऱ्या उतरून चालला होता. हाडांचा नुसता सापळा. कडीच्या आवाजाने तो वळला.

दिगंबर.

गळ्याभोवती पांढरं फडकं. फडक्याखाली, जिथे कंठ असतो तिथे, एक भोक. हातात शाळेतल्या पोरांची पाटी, आणि पाटीवर त्याच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं, 'मी दिगू. दार उघडा.'

वामनरावांनी पाटी वाचली.

"दिग्या... अरे, हाक... हाक मारायची ना रे!"

दिगंबरचे ओठ हलले. आवाज आला नाही. फडकं तेवढं हललं.

"वर्ष झालं ऑपरेशनला," मागून गुरुजी म्हणाले. "गळ्याचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढलं."

"मला कोणी... मंडळात कोणीच कसं बोललं नाही?"

"तुझ्यापुढे त्याचं नाव काढायची कोणाची छाती होती? तुला टाकलं तसं मी त्यालाही कार्ड टाकलं होतं. आजच ये म्हणून."

आपण मघाशी काय बोललो ते वामनरावांना आठवलं. तोंड बंद करायचंय. कायमचं. स्वतःच्या जिभेची त्यांना शिसारी आली.

दिगंबरने पाटी बाहीने पुसली. पण लिहिलं काहीच नाही. उन्हात तसाच उभा राहिला, मालकाने ये म्हणेपर्यंत परका माणूस उभा राहतो तसा.

वामनराव दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. नऊ वर्षांत ते मनगट अर्धं झालं होतं. धरून त्याला आत आणलं, स्वतःच्या जागेवर बसवलं. खाटेवरचं बाड घसरून खाली पडलं होतं. ते कोणी उचललं नाही.

वामनराव गुरुजींकडे वळले.

"गुरुजी... त्या शेवटच्या भागात... दाराबाहेर खरंच कोण होतं?"

गुरुजी अजून फरशीवरच बसले होते.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "दाराजवळ तू होतास."