सातेरीच्या देवळाला दार का नाही

पावण्यांनो, चौकट बघताय ना? बिजागऱ्या गंजून गेल्या, पण दार काही कुणी बसवलं नाही. चोराचिलटाचं भय आम्हालाही आहेच. पण सातेरीच्या देवळाला दार बसवायचं नाही, ही गावाची आण आहे. टेका जरा, सांगतो. सुखाची गोष्ट नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

माणसं धरून नेऊन विकणाऱ्यांची गलबतं त्या काळी या किनाऱ्याला लागायची, असं सांगतात. कुठले होते ते? ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. कार्तिकातल्या जत्रेच्या दुपारी ती खाडीत शिरली. देवळाजवळ होते ते आत पळाले आणि देऊ गुरवाने अडसर घातला. बाहेर राहिलेल्यांत त्याची धाकटी बहीण होती, आवडी. ती दारावर थापा मारत होती, भावाला हाका मारत होती. दार उघडलं नाही. म्हातारीकोतारी तिथेच कापली, धडधाकट तेवढी बांधून नेली.

त्यांतली एकटी आवडी परत आली म्हणे, तीही केस पिकल्यावर. दंडावर डाग दिलेला, गुरांना देतात तसा. परमुलखातून कशी सुटली ते तिने कधी सांगितलं नाही. गावाने तिला काही कमी केलं नाही हो. खोपटं दिलं, लुगडं दिलं, दोन्ही वेळचं ताट दिलं. तिला हवं होतं ते वेगळंच. ती दारोदार एकच विचारायची, "मी थापा मारत होते, त्या ऐकू आल्या होत्या का?"

जो तो मान खाली घालून म्हणायचा, "त्या गलबल्यात काहीच ऐकू आलं नाही गं." देऊसुद्धा हेच म्हणाला.

ऐकून ऐकून आवडीचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. आपण थापा मारल्या तरी होत्या का? की भीतीने घशातून आवाजच फुटला नव्हता? डाग तिने सोसला, उपास सोसले, पण हे तिला सोसवेना. वेड लागायची वेळ आली.

आणि गाव बघा, आमचंच गाव, काय बोलू. शहाण्यांनी ठरवलं, बाई परमुलखात कुणाच्या हातचं जेवली कोण जाणे, तिची शुद्धी करायची. गावकऱ्यांनी देवळात बसून दार लावून घ्यायचं, तिने बाहेरून थाप मारायची, मग गुरवाने गाऱ्हाणं घालून, म्हणजे गावदेवी सातेरीला सगळ्यांच्या वतीने विनवून, तिला आत घ्यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ठरल्या दिवशी आवडी दारापुढे उभी राहिली. हात उचलवेना. शेवटी तिने एक थाप मारली आणि मग ती थांबेचना. दोन्ही हातांनी दार बडवत ती भावाला हाका मारू लागली. आत देऊ गाऱ्हाण्याला उभा होता. "बा सातेरी माये," एवढं म्हणाला आणि गाऱ्हाणं अर्धं टाकून दाराकडे वळला.

त्यानेच अडसर काढला. "ऐकू आलं होतं, आवडे. सगळं ऐकू आलं होतं. अडसरावर माझेच हात होते." त्याच्यामागून एकेक म्हातारा बाहेर आला आणि तिच्यापुढे उभा राहून तेच बोलला.

"म्हणजे मी वेडी नाही," आवडी म्हणाली आणि खोपट्याकडे चालू लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मरेपर्यंत तिने देवळात पाऊल टाकलं नाही. दार गावाने त्याच दिवशी काढून खाडीत सोडलं, आणि इतकी वर्षं एकमेकांची नजर चुकवणारी माणसं त्या दुपारी देवळापुढे बसून रडली म्हणतात.

आजही कार्तिकात पालखी उचलण्याआधी आम्ही गावकरी आत बसतो. गावची एखादी माहेरवाशीण बाहेर उभी राहते, चौकटीवर थाप मारते आणि नेलेल्यांचं एकेक नाव घेते. एरवी गाऱ्हाण्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्या दिवशी म्हणायचं, "ऐकू आलं होतं." बरीच नावं आता कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी ती नुसती थाप मारते, आणि आम्ही तितक्याच मोठ्याने उत्तर देतो.