सुरईचा नाद

त्या राज्यात पितळेची भांडी घरात राहत आणि मातीची उघड्यावर. तहान मात्र पितळेलाच जास्त लागे, आणि गार पाणी असे मातीकडे.

नाक्यावर एक सुरई उभी राहायची. येणारा तांब्या आधी काठाने तिच्या पोटावर टिचकी मारून बघे, पाणी पिई, दोन दाणे टाकून निघून जाई. त्या दाण्यांवर तिचा धाकटा भाऊ, बोळकं, जगत होता.

दोघं कुंभाराच्या एकाच आव्यात भाजलेली. अशा भांड्यांचा नाद जुळतो. एकावर टिचकी पडली की दुसरं आपोआप घुमतं. नाक्याच्या आधीच्या दिवसांत तोच त्यांचा खेळ होता. अंगाला अजून तुसाच्या राखेचा वास येई. संध्याकाळी सुरई स्वतःवर हलकेच टिचकी मारी, आणि बोळकं घुमून इतकं हसे की गडगडत चुलीपर्यंत जाई. ती त्याला पुन्हा उभं करी. आता नाक्यावर दिवसभर टिचक्या पडत आणि घरी बोळकं कान झाकून बसे.

मग आळीतली पितळी मंडळी जमली.

"आमच्या कळश्यांना इथून जायची लाज वाटते," मोठा हंडा म्हणाला. ठरलं की नाक्यावर कंदील टांगायचा आणि चिमट्यांना बोलवायचं. त्या राज्यात पहारा चिमट्यांचा होता. आळीच्या झोपेला त्रास नको म्हणून कंदिलाला मागून पत्रा लावला. आता खांबावर चढायला कोणीतरी हलकं हवं होतं.

"मी चढतो!" बोळकं सगळ्यांच्या आधी ओरडलं. उजेडात कोणी टिचकी मारणार नाही, मग अक्का घरी येईल. एवढाच त्याचा हिशेब.

सुरई खालून हसली. "बोळक्या, तुला नुसतं तोंडच दिलंय का रे? पोटात काहीच नाही?"

"अक्का, आता तू घरी येशील!"

"येईन की. आणि खाशील काय? उजेड?"

कंदील लागला. तांबे शेजारच्या गल्लीत जाऊ लागले, म्हणून सुरईही तिकडे गेली. चिमट्यांनी तिला उचलून पुढच्या गल्लीत ठेवलं, तिथून तिच्या पुढच्या, आणि शेवटी ओढ्यापलीकडच्या दगडांत, जिथलं कोणाला ऐकू येत नसे.

बोळक्याने एका म्हाताऱ्या चिमट्याला गाठलं. "काका, तिलाच का उचलता? पिणाऱ्यांना का नाही?"

"पितळ गुळगुळीत असतं, बाळा," चिमटा म्हणाला. "धरलं की निसटतं."

बोळकं रोज संध्याकाळी स्वतःवर टिचकी मारी. फक्त त्यालाच ओढ्यापलीकडून बारीक नाद येई. एका संध्याकाळी तो भसाडा आला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

ते धावत ओढ्यापलीकडे गेलं. दगडांत सुरईची मान पडली होती, आणि पोटाचं एक खापर. खापरावर पितळी काठाचा गोल वण होता. बोळक्याने त्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग वेड्यासारखी मारतच राहिलं. त्याच्या स्वतःच्या पोटात काही घुमलं नाही. खापर कुशीत घेऊन ते परत आलं.

नाक्यावर तोरण लागलं होतं. आळी स्वच्छ झाली म्हणून मंडळी चिंचेने घासूनपुसून कंदिलामागे, पत्र्याच्या सावलीत जमली होती. दिवस मावळून अंधार पडला होता. हंडा चिमट्यांना हार घालत होता.

"अरे, आपलं कंदीलवालं बोळकं!" एक तांब्या कौतुकाने म्हणाला. "ये, पेढा घे."

बोळक्याने पेढा घेतला नाही. खापर खाली ठेवून ते खांबावर चढलं. सगळ्यांना वाटलं, वात मोठी करायला चढलंय. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. त्याने कंदील दोन्ही बाजूंनी धरला आणि पत्र्यासकट आळीकडे फिरवला.

टाळ्या थांबल्या. समोर ओळीने उभ्या असलेल्या लखलखीत पितळी काठांवर चिंचेनेही न निघालेली लाल माती होती. अजून ओली.