पांढऱ्या घोड्याचं गाढव

व्याह्यांचं पत्र आलं आणि शिरसगडच्या महाराज भरल्या ताटावरून उठले. मोठ्या मिजाशीत त्यांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र घोड्याचा फोटो व्याह्यांना धाडला होता. उत्तर आलं, 'परटाचं गाढव छान पोसलंय आपण.'

फोटोत घोडा राखेसारखा आला होता, हे खरंच. पण फोटोग्राफर केळशीकर विलायतेत शिकून आलेले, तेव्हा चूक त्यांची असणं शक्य नव्हतं. त्यांच्या गळ्यात उजेड मोजायचं विलायती मीटर होतं. ते चुकणं तर त्याहून अशक्य. उरला घोड्याचा मोतद्दार रायाजी. घोडा मळका ठेवल्याचा ठपका अर्थातच त्याच्यावर आला. हुकूम सुटला, की उद्या घोडा आणि काळा हत्ती शेजारी उभे राहतील. एकाच फोटोत घोडा पांढरा आणि हत्ती काळा आला नाही, तर रायाजीनं बिऱ्हाड उचलून संस्थानाबाहेर चालू लागावं.

रायाजीनं सकाळपासून घोडा रिठ्यानं घासघासून धुतला. त्याची लेक गोजरा पाणी आणत होती आणि केळशीकरांवर डोळा ठेवून होती. त्यांनी मीटर घोड्यासमोर धरलं, काटा सांगेल तसा कॅमेरा लावला, फोटो छापून आणला. घोडा राखाडी. मग त्यांनी मीटर हत्तीसमोर धरलं. आता हत्ती राखाडी झाला, आणि घोडा उजेडात असा विरघळला की फोटोत नुसता लगाम उरला. केळशीकरांनी गंभीरपणे हत्तीलाही आंघोळ घालायला सांगितलं.

गोजराला राहवेना. "साहेब, ह्या मीटरला पांढरं दाखवा, काळं दाखवा, हे सगळ्याचं राखाडीच करतंय. मग राखाडीच दाखवून बघा की."

शास्त्र पागेत शिकवत नाहीत, असं केळशीकरांनी तिला सुनावलं. पण दरबारी मंडळींसह फोटो बघायला आलेले महाराज ऐकत होते, आणि शास्त्राकडे दुसरा उपाय नव्हता.

गोजरानं चुलीतली राख घेतली, तीत काजळी कालवली आणि धड काळा ना धड पांढरा असा लेप एका पाटाला फासला. घोड्याशेजारी, त्याच उन्हात, तिनं पाट धरला. केळशीकरांनी नाक मुरडत मीटर त्याच्यासमोर नेलं आणि काटा वाचून कॅमेरा लावला. पाट बाजूला झाला, फोटो निघाला.

घोडा पांढरा आला. हत्ती काळा आला. मधे उभा रायाजी देवानं दिलेल्या रंगाचा आला.

महाराजांनी विचारलं, "कॅमेऱ्याला कधी हात लावला नाहीस. मीटरच्या मनातलं तुला कसं कळलं?"

"सरकार, ते आपल्या दरबारी मंडळींसारखंच आहे. काही दाखवा, मत आधीच ठरलेलं. मत काही बदलायचं नाही. मग त्याच्या मताजोगं दाखवलं, की झक मारत खरं बोलतंय."

दरबारी मंडळी आपापले जोडे निरखू लागली. महाराजांनी ती वाकलेली डोकी पाहिली आणि पागोटं सुटेतो हसले. रायाजी पागेचा मुख्य झाला. गोजराला संस्थानच्या फोटोखान्यात नेमलं. केळशीकरांनाही कायम ठेवलं, पाट धरायला.