गजाबाची व्हॅन आणि नवरदेव

डोंगरालगतच्या एका गावात एक भोळा व्हॅनवाला राहत होता. गजाबा त्याचं नाव. त्याची व्हॅन इतकी जुनी, की चढ दिसला की तिला खोकला येई. भाड्यातून जे मिळे, ते बहुतेक लतीफचाचांच्या गॅरेजात जाई. पण गजाबाचा तिच्यावर जीव होता. आणि सांगितलेली गोष्ट तो शब्दाला शब्द पाळी.

एकदा इंजिन तापून बंद पडलं. लतीफचाचांनी समजावलं, की तापलं की वरचं झाकण काढायचं, जरा थांबायचं आणि गार पाणी ओतायचं. गजाबानं ते ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. सगळी कमाई या डबड्यात घालवता, म्हणून ते जावयावर जाम तापले. गजाबानं अलगद त्यांचा फेटा काढला, जरा थांबला आणि माठ डोक्यावर रिकामा केला.

बायकोनं, सुंदरानं, कपाळावर हात मारला. "अहो, तापलेल्यावर पाणी ओततात का? हात जोडायचे, गोड बोलायचं. आपोआप शांत होतात."

"हे आधी सांगायचंस ना," गजाबा म्हणाला.

पुढं घाटात इंजिन पुन्हा तापलं. भसाभसा वाफ यायला लागली. गजाबानं ते बंद केलं नाही. रस्त्यात समोर बसून हात जोडले, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणाला. इंजिन खरंच शांत झालं. इतकं शांत, की ते अख्खं खोलावं लागलं आणि त्या खर्चात सुंदराच्या बांगड्या गेल्या. काम उरकल्यावर चाचांनी बजावलं, की जुन्या इंजिनाला तेल कमी पडू द्यायचं नाही. कुरकुर ऐकू आली की लगेच तेल घालायचं.

त्याच सुमारास सुंदराच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बैठकीत नवरदेवाच्या आत्याबाई मानाच्या साडीवरून कुरकुरायला लागल्या. गजाबा आत गेला, गोडेतेलाची बुधली घेऊन आला आणि त्यांच्यापुढं बसला.

"आ करा, आत्याबाई."

लग्न मोडता मोडता राहिलं.

गावात दुसरी गाडी नव्हती, म्हणून नवरदेवाला आणायचं काम नाइलाजानं गजाबाकडंच आलं. सासऱ्यांनी दम भरला, की वाटेत कुणी काहीही म्हटलं तरी थांबायचं नाही. मुहूर्ताआधी व्हॅन मांडवापुढं दिसली पाहिजे, नाहीतर ती भंगारात जाईल. गजाबाला घाटातला चढ आठवला. तो चाचांकडं गेला. चाचा म्हणाले, घाटाच्या पायथ्याशी माणसं उतरव, भार कमी झाला की ती आरामात चढेल.

लग्नाच्या दिवशी गजाबानं पायथ्याशी सगळ्यांना उतरवलं. ते बिचारे चालायला लागले. व्हॅन एकदाही न खोकता माथ्यावर गेली. मागून नवरदेव मुंडावळ्या सावरत, हाका मारत धावत होता. गजाबाला ऐकू येत होतं. पण कुणी काहीही म्हटलं तरी थांबायचं नव्हतं.

मुहूर्ताआधी व्हॅन मांडवापुढं उभी राहिली. सनई सुरू झाली. सुंदरा ओवाळायला ताट घेऊन पुढं आली. सासऱ्यांनी हसत दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" त्यांनी आत डोकावत विचारलं.

गजाबानं अभिमानानं बॉनेट उघडलं.

"तो भार घाटाखालीच उतरवला, मामा. हात लावून बघा. इंजिन कसं गारेगार आहे."