धुरपाची खाच

सालवट बेटावर जाखमातेच्या जत्रेत काही घ्यायला गेलात तर तुमची नोट तिथे चालत नाही. आधी पारावर नोटा देऊन शिंपल्याच्या चकत्या घ्याव्या लागतात. रुपयाएवढी चकती, मधोमध भोक, दोऱ्यात ओवलेली. मासळीवाली ती हातात घेते, पण बघत नाही. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवते. नख अडलं तर चकती खरी. पाहुणे विचारतातच, हे काय? मग ऐंशी पार केलेले लक्ष्या तांडेल बिडी विझवून कानावर ठेवतात आणि सांगायला लागतात.

फार पूर्वी म्हणे बेटावर बारा महिने याच चकत्या चालत. नारळी पौर्णिमेला सगळ्या जुन्या समुद्राला परत करायच्या आणि नव्या काढायच्या. घडवण्याचा मान एका घराचा, आणि त्या घरात थोरल्या सुनेचा, धुरपाचा. बारा वर्षं तिने तो सांभाळला. तिच्या चकत्या जरा वाकड्याच उतरत, पण बेटाला त्यांचीच सवय झाली होती. मग धाकटी जाऊ आली, मथी. तिने एकदा सहज भोक पाडायचा सामता हातात घेतला आणि अशी गोल चकती काढली, की सासूने त्याच दिवशी सामता धुरपाकडून काढून तिला दिला.

तेव्हापासून धुरपाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. बाजारात बायका मथीच्या हाताचं कौतुक करत आणि करताना मुद्दाम धुरपाकडे बघत. आता बघायचं काय होतं तिच्याकडे? पण माणसं बघतात. धुरपाला मथीचं हसणं खुपे, तिने वाढलेला भात घशाखाली उतरत नसे. आणि ती पोर तर दर चकती हिच्याच पुढे धरे. "जाऊबाय, बघा ना जरा, बरी झालीय?"

बरी झालेली असे, हेच दुखणं होतं.

कड दुखावलेली चकती देवीला चालत नाही, असा बेटाचा नियम. त्या वर्षी पौर्णिमेआधी मथी विहिरीवर गेली की धुरपा तिच्या नव्या चकत्यांचं मडकं उघडी आणि कालवं फोडायच्या टोचीने एकेका चकतीला खाच पाडी. इतकी बारीक, की डोळ्याला दिसू नये, नखाला मात्र अडावी. मथी घडवील ती प्रत्येक चकती याच मडक्यात पडे, आणि धुरपाने त्यातली एकही सोडली नाही. चैत्रातल्या जत्रेत सगळ्यांदेखत खाचा दाखवायच्या आणि सामता परत घ्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

पण फाल्गुनात किनाऱ्यावरचा एक व्यापारी गलबत घेऊन आला. त्याच्याकडे चकत्यांची पोतीच होती. त्याने सुके बोंबील घेतले, जवळा घेतला, पावसाळ्याची बेगमी भराभर गलबतात चढू लागली. इतक्या चकत्या आल्या कुठून? पाटलाने देवळापुढे गाव जमवलं आणि सगळी बोटं मथीकडे वळली. हिनेच चोरून जास्तीच्या घडवल्या आणि विकल्या, दुसऱ्या कुणाला असं गोल काम जमतंय? संध्याकाळच्या भरतीला हिला होडीत बसवून बेटाबाहेर सोडायचं ठरलं.

धुरपाच्या हातात व्यापाऱ्याची एक चकती आली होती. तिने सवयीने नख फिरवलं. नख गुळगुळीत घसरलं. खरं काय ते त्या गर्दीत तिला एकटीला कळलं.

गप्प राहिलं की झालं. सामता परत, मान परत, घरात ती एकटी. मथीला हाताला धरून बंदराकडे नेऊ लागले. जाता जाता मथी वळून म्हणाली, "जाऊबाय, चुलीवर पेज हाय, करपंल. बघा."

तेव्हा धुरपा ओरडली, "थांबा! हिच्या चकतीला खाच हाय. समद्यांना. ज्याला न्हाय ती खोटी."

पाटील म्हणाला, "तुला काय ठावं?"

"मी पाडल्यात. माज्या हातानं. मला ही डोळ्यासमोर नको व्हती."

गावाने नखं फिरवली. व्यापाऱ्याच्या चकत्या त्याच्याच अंगावर फेकल्या गेल्या आणि मासळी गलबतातून उतरवली गेली. मग पाटलाने धुरपाला शिक्षा दिली, की यापुढे मथी घडवील आणि धुरपा खाच पाडील, जन्मभर, एका पडवीत. कडेचा जुना नियम त्याने मोडीत काढला, खाचेशिवाय चकती चालायची नाही. धुरपाने एकच मागणं मागितलं, तोंड समोर नको. म्हणून दोघी पाठीला पाठ लावून बसत. मथी चकती मागे सरकवी, धुरपा न वळता घेई. जळणं काही गेलं नाही. चकती फारच सुरेख असली, की खाच जरा खोल जाई, आणि मथीला आवाजावरून ते कळे म्हणतात.

तीस वर्षांनी मथी आधी गेली. धुरपाने सामता उचलला. शेवटी तो तिच्याच हातात आला होता. तिने सात चकत्या घडवल्या, वाकड्या. टोच घेऊन खाच पाडायला बसली आणि हात चालेना. मागे सरकून बघितलं, तर पाठीला कुणी नव्हतं.

आजही सालवटला चकत्या दोन जावाच घडवतात, पाठीला पाठ लावून. घरात एकच सून असेल तर त्या वर्षी काम दुसऱ्या घराकडे जातं. जाखमातेच्या पायाशी सात वाकड्या, बिनखाचेच्या चकत्या ओवून ठेवल्या आहेत. बाजारात त्या कुणी घेणार नाही. जत्रेच्या दिवशी बेटावरच्या थोरल्या सुना त्यांना हळद लावतात, आणि धाकटीने कितीही हाक मारली तरी तेवढा वेळ वळून बघत नाहीत.