इंगवल्यांचा लोहचुंबक

मिरजेच्या रेहाना मुजावर जुन्या गाड्या खोलून त्यांचे अस्सल सुटे भाग ऑनलाइन विकत. एकदा त्यांनी सत्तर वर्षांच्या एका गाडीच्या हेडलाइटच्या रिंगा विकायला ठेवल्या. जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष रणधीरराव इंगवले यांनी खाली शेरा मारला, "डुप्लिकेट माल." झालं, गिऱ्हाइकं पळाली.

रेहानाबाई रिंगा पिशवीत घालून थेट क्लबच्या प्रदर्शनात गेल्या. इंगवले आपल्या लालभडक गाडीला टेकून उभे होते.

"अस्सल रिंग पितळेची असते, बाई," चार लोकांना ऐकू जाईल असं ते म्हणाले आणि खिशातून लोहचुंबक काढला. "हा लोखंडाला चिकटतो, पितळेला नाही. आत्ता कळेल."

त्यांनी चुंबक रिंगेला लावला. तो खाली पडला. दुसऱ्या रिंगेवरूनही पडला.

"असतील अस्सल," इंगवले म्हणाले. "पण खरं अस्सल बघायचं तर ही गाडी बघा. सगळा पत्रा कंपनीतून आला तसा आहे!"

"बघते की," म्हणत रेहानाबाईंनी चुंबक उचलला. गंजलेल्या जागी जाड पुट्टी भरून वर रंग मारला, की तिथे चुंबक धरत नाही, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. बॉनेटला चुंबक घट्ट चिकटला. दरवाजाला लावला, तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

लोक इंगवल्यांकडे बघू लागले.

रेहानाबाईंनी चुंबक अदबीने त्यांच्या हातात ठेवला. "साहेब, तुमच्या हिशेबानं हा दरवाजासुद्धा पितळेचा निघाला. विकायचा झाला तर सांगा, मी ऑनलाइन टाकते. खाली शेरा तेवढा तुम्ही लिहा."