दोन घटका मागे

राजा रणधवलाने हुकूम सोडला. दहा दिवसांनी त्याच्या नव्या विलायती घड्याळात बाराचे ठोके पडतील, तेव्हाच रखमाजीच्या वाटीनेही मध्यान्ह दाखवायची. नाही दाखवली तर वाटी भट्टीत आणि रखमाजी घरी.

वाटी तांब्याची, बुडाला बारीक भोक असलेली. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरायची. बुडाली की एक घटका झाली. रखमाजीने टोल द्यायचा आणि वाटी पुन्हा सोडायची. सत्तर वर्षांपूर्वी एका तांबटाने ती अशी घडवली होती की भोक अजून केसभरही वाढलं नव्हतं.

रखमाजीची मुलगी येसू भडकली. थोरांपुढे बोलू नये, असं बापाने तिला समजावलं. दरबारातल्या जाणत्यांनी तर हुकूम ऐकून नुसत्या माना डोलावल्या. त्या मानांना दुसरं काही येतच नसावं, असं येसूचं मत होतं. ती तडक दरबारात गेली.

"पैज मान्य आहे, महाराज. एकच अट. दहा दिवस घड्याळाच्या खोलीला कुलूप लावायचं. घड्याळाला चावी तुम्ही स्वतः द्यायची, पण काट्यांना कुणी हात लावायचा नाही."

घड्याळाचा कारभारी मुकुंदराव जोरात खोकू लागला. रोज सकाळी तो घंगाळापाशी यायचा, गप्पांच्या ओघात वेळ विचारायचा आणि जाऊन गुपचूप काटे सरकवायचा. येसू दोन महिने हे बघत होती. राजाला वाटलं, पडसं झालं असेल. त्याने अट मान्य केली.

राजा घड्याळावर जेवायचा, म्हणून सगळा वाडा घड्याळावर जेवायचा. सातव्या दिवशी घड्याळाने आचाऱ्याला घाई केली आणि भात अर्धाकच्चा पानात आला. दरबाऱ्यांनी तो बराच वेळ चावला आणि उत्तम झाल्याचं सांगितलं.

दहाव्या दिवशी चौकात गर्दी जमली. घड्याळात बारा वाजले. रखमाजीने मान खाली घातली. वाटीच्या हिशेबाने मध्यान्हीला अजून दोन घटका होत्या.

"हरली तुझी वाटी," राजा म्हणाला.

"हरली, महाराज. दोन घटका मागे आहे." येसूने चौकातल्या खांबाकडे बोट दाखवलं. "पण खांबाची सावलीही फरशीवर आखलेल्या मध्यान्हीच्या रेघेपर्यंत पोचलेली नाही. म्हणजे सूर्यही दोन घटका मागे आहे. त्यालाही भट्टीत घालायचं असेल, तर शिडी आत्ताच मागवा. उंच लागेल."

राजाने सावलीकडे पाहिलं, मग घड्याळाच्या खोलीकडे, मग मुकुंदरावाकडे. मुकुंदरावाला पुन्हा खोकला आला.

राजा पोट धरधरून हसला. ते हसणं खरं आहे याची खात्री झाल्यावर दरबारीही हसले.

वाटी पाण्यावर राहिली, रखमाजी टोलावर राहिला. येसूला सोन्याचं कडं आणि घड्याळाच्या खोलीची किल्ली मिळाली. मुकुंदरावाने रोज सकाळी भर चौकात यावं, "येसूबाई, किती वाजले?" असं मोठ्याने विचारावं आणि मगच काट्यांना हात लावावा, असा नवा हुकूम सुटला.